अर्धेलीनं दिलेला मोर

देवळाली कॅम्पच्या बाजारात माझं चष्म्याचं दुकान आहे. समोरच्याला भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायची आणि या भिंगातून बरं दिसतं की त्या, असं विचारत राहायचं, यात माझा दिवस जातो. माझ्या आईला सत्तरीत मोबाइलच्या पडद्यावरचं पीसन् पीस दिसेल असा चष्मा मीच करून दिला होता, हे आधीच सांगून टाकतो. पुढं जे झालं त्यात चष्म्याचा काही दोष नव्हता.

माझा घटस्फोट झाला तेव्हा मुलगी लहान होती. ती तिच्या आईकडे नागपूरला राहायला गेली आणि सुट्ट्यांत आमच्याकडे यायची असं ठरलं. आमच्यात कडाक्याची भांडणं कधी झाली नव्हती. दोघंही हट्टी होतो, एवढंच. पण संसार मोडला की त्यात माझी आईसुद्धा मोडते, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. नातीला अंघोळ घालणारी, तिची वेणी घालणारी बाई एकदम रविवारच्या फोनवर आली. तो फोन मी लावून द्यायचो. जेवलीस का? हो. शाळा काय म्हणते? बरी आहे. पाऊस आहे का तिकडं? नाही. मग दोघी गप्प. आई फोन कानाला तसाच धरून ठेवायची आणि पलीकडून पोरगी म्हणायची, ठेवू का आजी? आई म्हणायची, ठेव बाय. मला ते ऐकवायचं नाही, मी उठून गॅलरीत जायचो.

पाचवीच्या परीक्षेनंतर उन्हाळ्यात मुलगी आली ती एक खेळ घेऊन. मोबाइलवरचा शेताचा खेळ. जगभरातली माणसं त्यात एकाच वेळी असतात, प्रत्येकाला जमिनीचा एक तुकडा मिळतो, त्यात पेरायचं, पाणी द्यायचं, कोंबड्या, बदकं, मोर पाळायचे, आणि आपल्याकडचं दुसऱ्याला देऊन त्याच्याकडचं घ्यायचं. तिनं आजीच्या फोनवर तो घालून दिला आणि आजीचा तुकडा स्वतःच्या तुकड्याला लागून घेतला. मी हसलो होतो. माझी आई हरसूलच्या बाजूच्या पाड्यावरची, लग्न होईपर्यंत डोंगरउतारावर नागली, म्हणजे नाचणी, लावणारी. तिला खोट्या शेतात काय गोडी वाटणार? आईनं मात्र पहिल्याच दिवशी चष्मा पुसून विचारलं, या मातीत काय येतं?

मुलगी नागपूरला परत गेली आणि रोज दिवेलागणीला दोघी त्या शेतात भेटू लागल्या. बोलायला आता विषय होता. तुझी बदकं माझ्या भेंडीत शिरलीत. आजी, तू पाणी जास्त घातलंस. आईला टाइप करता येत नसे. ती फोनसमोर बोलायची आणि फोन ते लिहून घ्यायचा. कॅम्पाच्या माळावर तोफांचा सराव चालला की आमच्या खिडक्यांची तावदानं थरथरायची, आणि आई खेळात नातीला सांगायची की इथं तोफा वाजतायत, तुझ्या कोंबड्या बुजतील. खेळावरून गोष्ट शाळेवर यायची, शाळेवरून मैत्रिणींवर. रविवारच्या फोनवर जे कधी निघालं नसतं ते भेंडीच्या वाफ्यात निघायचं. आपल्या मुलीला गणिताच्या बाईंची धास्ती वाटते, हे मला माझ्या आईकडून कळलं. मला थोडा हेवा वाटायचा, आणि बरंही वाटायचं.

दुसऱ्या वर्षी कुठल्याशा सणाच्या वेळी मुलीला खेळात एक पांढरा मोर मिळाला. तसा मोर फार थोड्या खेळाडूंकडे होता. त्याला दुपारी दाणे घालावे लागत, आणि दुपारी ती शाळेत. म्हणून तिनं तो आजीच्या शेतात ठेवायला दिला. आईला त्याचं फार कौतुक. मी दुकानातून जेवायला घरी आलो की आधी मोर जेवलेला असे, मग मी. मी एकदा म्हणालो की त्याला पोट तरी आहे का. ती म्हणाली, पोरीची ठेव हाय, उपाशी ठेवून कसं चालंल.

तो मोर आल्यावर जवळजवळ लगेचच मुलगी कमी येऊ लागली. तिची सातवी सुरू होती, शिकवण्या लागल्या होत्या. कधी उशिरा यायची, दोन शब्द बोलून जायची. माझ्या हे लक्षातही आलं नाही. आईच्या आलं. ज्या बाईनं आयुष्यभर आकाशाकडं बघून पावसाचा अंदाज बांधला तिला एवढं कळणारच. ती मला काही म्हणाली नाही. एकटीच त्यावर उपाय शोधत बसली.

त्याच दिवसांत तिच्या शेताच्या दुसऱ्या बाजूला एक नवा शेजारी आला. खेळात कोणी खरं नाव लावत नाही, तेव्हा शेजारी एवढंच म्हणतो. इतर लोक भलत्याच लिप्यांमध्ये लिहीत. हा मराठीत लिहायचा. झालं, तेवढ्यावर आई खूश. पुढं मी त्यांचं सगळं बोलणं मागं जाऊन वाचलं तेव्हा मला रडावं की हसावं कळेना. तिनं विचारलं होतं, कुठले तुम्ही, इगतपुरीकडचे का? त्यानं लिहिलं, हो. पाऊस लय हाय का? हो. भाताची लावणी उरकली का? हो. घरी म्हातारी माणसं हायेत का? हो. त्या माणसानं स्वतःहून स्वतःबद्दल एक अक्षर सांगितलं नव्हतं. गाव, भात, पाऊस, घरातली म्हातारी, सगळं आईनंच त्याला दिलं होतं, आणि मग त्या माणसावर विश्वास ठेवला होता. तो इगतपुरीचा होता की हजार कोस लांबचा, मोठा माणूस होता की शाळकरी, मला आजही माहीत नाही.

त्याच्याकडे पांढरी लांडोर होती, निदान त्यानं तसं दाखवलं. जोडी लावायची तर दोन्ही पाखरं एकाच शेतात हवीत, असा खेळाचा नियम. त्यानं लिहिलं, तुमचा मोर माझ्याकडे पाठवा, पिल्लं झाली की परत देतो.

असले लोक खेळात पावलोपावली असतात, हे मला नंतर समजलं. तुझी वस्तू आधी दे, मी वाढवून परत देतो, हे त्यांचं ठरलेलं बोलणं. शाळकरी पोरंसुद्धा त्याला हसतात. पण आपण कोणाशी बोलतोय याची त्या गड्याला कल्पना नव्हती. माझ्या आईच्या माहेरी ही रीतच होती. एखाद्याकडे कोंबडी आहे, पण राखायला माणूस नाही, तर ती दुसऱ्याच्या घरी द्यायची. दाणापाणी त्यानं करायचं, अंड्यांवर त्याच्या घरी बसवायची, पिल्लं झाली की निम्मी त्याची, निम्मी आपली, आणि कोंबडी मालकाच्या खुराड्यात परत. शेळ्यांचंही तसंच. याला अर्धेलीनं देणं म्हणतात. कागद नाही, साक्षीदार नाही. शहरातल्या माणसाला हा प्रस्ताव ऐकून लबाडीचा वास आला असता. आईला आपल्या अंगणाचा आला. तिनं फक्त एकच विचारलं होतं, अर्धेलीनं ना? त्यानं लिहिलं, हो.

आईनं मोर पाठवला. वर त्याला सांगितलं की दुपारी दाणे घाला, संध्याकाळी खात नाही.

मग ती थांबली. कोंबडी अंड्यांवर बसली की उठवायची नसते, म्हणून तिनं त्याला काही विचारलंही नाही. एक दिवस त्याचं शेत शेजारी दिसेनासं झालं, तर तिला वाटलं, पावसानं तिकडची वीज गेली असेल. इगतपुरीला नाहीतरी पावसात वीज टिकत नाही. माझ्या आईनं चोराच्या गैरहजेरीलासुद्धा स्वतःच कारण शोधून दिलं.

मोर नाही हे नातीच्या लक्षात आलं तेव्हा मी योगायोगानं घरीच होतो. त्या दिवशी तिनं खेळातून न लिहिता फोनच केला. आईनं फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता. मोर कुठंय आजी? आईनं मोठ्या हौसेनं सगळं सांगितलं; लांडोर कशी आहे, पिल्लं कधी होतील, निम्मी कशी आपली.

मग पोरगी हळू आवाजात म्हणाली, "आजी, तो परत नाही देणार. असं फसवतात. सगळ्यांना माहितीये."

"फसवंल कसा? अर्धेलीनं दिलाय," आई म्हणाली.

पोरीनं वाद घातला नाही. रडलीही नाही. उलट म्हणाली की जाऊ दे, माझा एक बगळा पण असाच गेला होता. फक्त नागपूरला माझ्या आईला यातलं काही सांगू नकोस, ती खेळच बंद करेल. आई बरं म्हणाली.

मी मात्र संतापलो. माझा स्वभावच तसा. गिऱ्हाइकानं फ्रेम वाकडी केली तरी मला राग येतो. ओळख ना पाळख आणि पोरीची ठेव उचलून देऊन टाकलीस, असं मी आईला बोललो. मग त्या खेळाच्या कंपनीकडे रीतसर तक्रार केली. उत्तर आलं की आपण आपल्या हातानं जे दिलं त्याला चोरी म्हणता येत नाही. दुसरा तसाच मोर कुठून मिळवता येईल का तेही पाहिलं. असे मोर देणारे खूप होते, आणि सगळे म्हणत होते की आधी तुमच्याकडचं काहीतरी पाठवा. मी फोन आपटून ठेवला.

आई शांतपणे ज्वारी निवडत होती. ती म्हणाली, तिच्या लहानपणी एका घराला त्यांनी कोंबडी दिली होती. ते कुटुंब पाऊस संपल्यावर द्राक्षाच्या बागांवर कामाला इकडं नाशिककडं उतरलं ते कोंबडी आणि पिल्लं टोपलीत घेऊनच, कारण मागं ठेवली तर मुंगूस खाईल. उन्हाळ्यात परत आले तेव्हा निम्मी पिल्लं कोंबड्या होऊन आली होती. "गरीब माणसं, पण एक अंडं खाल्लं नाय त्यांनी," ती म्हणाली. मी म्हणालो, आई, त्यांचं घर तुला माहीत होतं. त्यावर तिनं माझ्याकडं पाहिलं. मला वाटतं, तो परत येणार नाही हे तिनं मान्य केलं ते त्या क्षणी. मग ती म्हणाली,

"पोरीचं मन उडत चाललं होतं रे खेळातनं. पिल्लं झाली असती तर बघायला रोज आली असती."

एवढा वेळ मी तिला भोळी समजत होतो. ती भोळी नव्हती, घाबरलेली होती. नात हातातून निसटतेय हे तिला दिसत होतं आणि तिला धरून ठेवायला तिच्याजवळ त्या मोराशिवाय काही नव्हतं.

एवढ्यावर निभावलं असतं. पण गणपतीच्या आधी मुलीच्या आईचा फोन आला. दिवाळीच्या सुट्टीत कधी पाठवायचं ते ठरवायचं होतं. मी दुकानात होतो, घरचा फोन आईनं घेतला. माझी बायको, म्हणजे आता बायको नव्हे, आजही माझ्या आईला आईच म्हणते. बोलता बोलता तिनं सहज विचारलं की पोरगी काही दिवस गप्प गप्प आहे, तुम्हाला काही बोलली का. आणि माझ्या आईनं सांगून टाकलं. मी तिला नंतर विचारलं, अगं, पोरीनं सांगू नकोस म्हटलं होतं ना? ती म्हणाली, तिच्या आईनं सरळ विचारलं, आईला खोटं कसं सांगायचं? लेकराची काळजी होती तिला.

तेल गेलं, तूप गेलं, म्हणतात ते असं. मुलीच्या आईनं त्यातून जे ऐकलं ते मोराबद्दल नव्हतंच. आपली मुलगी ज्या खेळात आहे तिथं कोणीही अनोळखी पुरुष घरच्या म्हातारीशी गोड बोलून गाव आणि घरची माणसं विचारू शकतो, हे तिनं ऐकलं. तिला मी दोष देत नाही. तिच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. तिनं त्याच संध्याकाळी मुलीच्या फोनवरून तो खेळ काढून टाकला आणि मला तसं कळवलं, आवाज न चढवता. मी म्हणालो, ठीक आहे. आईच्या वतीनं दोन शब्द बोलता आले असते. पण घटस्फोटानंतर आम्ही दोघांनी एक सभ्यता पाळली होती, एकमेकांच्या निर्णयात बोट घालायचं नाही. तेव्हा मला याचा अभिमान वाटायचा. आता वाटतं, त्या सभ्यतेच्या पायी आम्ही म्हातारीला वाऱ्यावर सोडून दिलं.

पुन्हा रविवारचे फोन सुरू झाले. जेवलीस का? हो. अभ्यास? चाललाय. दिवेलागणीला आई सवयीनं चष्मा लावून बसायची. तिच्या शेताला लागून नातीचं शेत तसंच होतं, फक्त तिथं कोणी येत नव्हतं. खेळात शेजाऱ्याला शेजाऱ्याचं पीक दिसतं, पण हात लावता येत नाही. आधी भेंडी वाळली, मग गवत माजलं. मी एकदा म्हणालो, कशाला बघतेस, बंद कर. तिनं ऐकलं नाही. आपली बदकं आणि कोंबड्या ती सांभाळत राहिली.

दिवाळीच्या, उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत मुलगी यायची, पण दर वेळी थोडी आणखी परकी होऊन. आजीच्या पाया पडायची, तिनं केलेलं खायची, मग कानात काहीतरी घालून कोपऱ्यात बसायची. त्या विषयावर दोघींपैकी कोणीच बोलत नसे. आईला वाटायचं, मोर घालवला म्हणून पोरगी आपल्यावर रुसली आहे. तसं तिनं मला बोलूनही दाखवलं. मी नाही गं म्हणायचो, पण मलाही खात्री नव्हती.

यंदा मुलगी दहावीला आहे. दिवाळीत चारच दिवस आली, तेही पुस्तकं घेऊन. एका दुपारी आई चुलीशेजारी, म्हणजे गॅसच्या ओट्यापाशी, नागलीच्या भाकरी थापत होती. नातीला त्या आवडतात. नात ओट्याला टेकून उभी होती, मी टेबलाशी बसून जेवत होतो. ओट्यावर आईचा फोन होता, त्यात खेळ उघडा. मुलीनं तो पाहिला आणि हसून विचारलं, अजून खेळतेस तू? आई म्हणाली, खेळते कसली, पाखरांना दाणे टाकते.

मग भाकरी तव्यावर टाकून, तिच्याकडं न बघता, आईनं इतक्या वर्षांचं एकदाचं विचारलं. "तुझ्या आईनं काढून टाकला नसता तर तू खेळली असतीस ना गं?"

मुलगी म्हणाली, "नाही गं आजी. मला तर तेव्हाच कंटाळा आला होता. आमच्या वर्गात सगळ्यांनी कधीच सोडला होता, मला चिडवायचे पण. मी फक्त तुझ्यासाठी यायचे."

हे तिनं किती प्रेमानं म्हटलं, सांगता येत नाही. आजीला बरं वाटावं म्हणूनच म्हटलं. आईचा हात पिठात तसाच राहिला.

"मोरासाठी नाय?"

"मोर काय करायचाय? तुझ्याशी गप्पा मारायला."

तव्यावरची भाकरी एका बाजूनं करपायला लागली होती. ती मी उठून उलटली, कारण त्या दोघींचंही तिकडं लक्ष नव्हतं.

"मग उगाच दिला गं मी त्याला," आई म्हणाली.

मुलीला वाटलं, आजीला अजून मोराचंच दुःख आहे. ती आजीच्या गळ्यात हात टाकून म्हणाली की अगं, खेळातला तर होता तो. आईनं मान डोलावली आणि पुढची भाकरी थापायला घेतली. आजीनं तो कशासाठी दिला होता हे मी मुलीला समजावून सांगणार होतो, पण आईनं माझ्याकडं पाहून नको अशी खूण केली. पोरगी त्या दुपारी दोन भाकरी खाऊन अभ्यासाला बसली, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही तिला गाडीत बसवून आलो.